सपाट फ्लास्क की लटकता थेंब?

मेसेन्कायमल मूळपेशी म्हणजे अस्थिमज्जेसारख्या ऊतींत सापडणाऱ्या, भडकलेल्या प्रतिकारशक्तीला आवर घालू शकणाऱ्या पेशी. त्या वाढवायची नेहमीची रीत म्हणजे प्लास्टिकचा फ्लास्क. पेशी तळाला चिकटून चपट्या पसरतात. काम सोपं, पण इंटरफेरॉन-गॅमासारखा दाहाचा इशारा मिळेपर्यंत प्रतिकारशक्तीला आवर घालायचं त्या फारसं मनावर घेत नाहीत.

दुसरी रीत गमतीची. झाकणाच्या आतून सुमारे २५,००० पेशींचा ३५ मायक्रोलिटरचा थेंब ठेवायचा आणि झाकण अलगद उलटं करायचं. (पहिल्यांदा हात थरथरतोच.) चिकटायला तळच नाही, म्हणून पेशी एकमेकींना बिलगतात, तीन दिवसांत लाडवासारखा घट्ट गोळा. अशा गोळ्यातल्या पेशी टीएसजी-६ हे दाह शमवणारं प्रथिन कितीतरी जास्त बनवतात, हे २०१० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं. प्रोस्टाग्लँडिन ई-२ हा इशारा देणारा रेणूसुद्धा वाढतो, आणि चवताळलेल्या मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या) पेशी निवळतात.

म्हणजे गोळाच सरस? मॅक्रोफेजपुरता, हो. प्रतिकारशक्तीतल्याच टी-पेशींना (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींना) आवरण्यात मात्र २०२० च्या एका अभ्यासात गोळे चक्क नापास झाले, गोळा न केलेल्या सुट्या पेशी पास. तिथे मी तरी फ्लास्कच धरेन. नाहीतर गोळ्यातच इंटरफेरॉन-गॅमा धरून ठेवणारे सूक्ष्म कण पेरायचे; ही युक्ती प्रयोगशाळेत टी-पेशींवर चालली आहे.