दक्ष संपादन, घाईची छपाई : नाशिकमधील एका प्रकाशनसेवेचा अनुभव

माझी पहिली प्रेमकादंबरी मी गेल्या वर्षी नाशिकमधील एका प्रकाशनसेवेकडून काढून घेतली. लेखकाने खर्च करायचा आणि संपादनापासून बांधणीपर्यंतचे सारे काम संस्थेने करून द्यायचे, अशी तिची पद्धत आहे. यातला एक भाग मला फार मोलाचा वाटला आणि दुसऱ्याने मनस्ताप दिला. त्यामुळे संस्थेचे नाव न घेता दोन्ही भाग सविस्तर लिहीत आहे.

संपादनाचा दर शब्दाला 60 पैसे होता. माझ्या 52 हजार शब्दांचे 31,200 रुपये झाले, आणि ते देताना हात आखडला हे खरे. पहिल्या बैठकीला गेले तेव्हा संपादिकेने हस्तलिखित दोनदा वाचून काढले होते आणि पानापानावर पेन्सिलीच्या खुणा होत्या. आपल्याकडे प्रेमकथेला ‘हलकेफुलके वाचन’ म्हणून बाजूला सारण्याची सवय आहे. तिचा मागमूसही त्यांच्या बोलण्यात नव्हता. लंडनची मिल्स अँड बून ही संस्था 1908 साली सर्व प्रकारची पुस्तके काढण्यासाठी सुरू झाली आणि पुढे केवळ प्रेमकथांवर उभी राहिली, हे सांगून त्या म्हणाल्या, ‘‘या वाचकाला शेवट गोड होणार हे आधीच ठाऊक असतं. दोघं एकत्र येतील का, हा त्याचा प्रश्नच नसतो. कशी येतील, एवढ्यासाठी तो वाचतो. तेव्हा अडथळा खरा हवा.’’

माझा अडथळा खरा नव्हता. कॉलेज रोडवर नायक नायिकेचे अर्धवट बोलणे ऐकतो, रागावून पुण्याला निघून जातो आणि पुढची सत्तर पाने दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. समासात लिहिले होते : ‘एक फोन केला तर हे संपते. वाचकाने का थांबावे?’ मग त्यांनी विचारले, ही मुलगी नेमकी कशाला घाबरते? नायिका निफाड तालुक्यात वडिलांच्या मागे त्यांची कर्जातली द्राक्षबाग चालवते आणि नायक निर्यातदाराकडे माल तपासण्याच्या नोकरीत आहे, हे कादंबरीत आधीपासून होते. मी त्याचा उपयोगच केला नव्हता. ज्याच्या सहीवर बागेचा भाव ठरतो त्याच्यावर प्रेम केले, तर माल चांगला म्हणून उचलला की आपल्यासाठी, हे तिला कधीच कळणार नाही. ही भीती एका फोनने मिटणारी नव्हती, आणि पुढची सगळी कादंबरी तिच्यावर उभी राहिली.

चंद्रप्रकाशात गंगापूर धरणाच्या काठी दिलेली प्रेमाची कबुली त्यांनी पॅकहाऊसमध्ये, म्हणजे द्राक्षे निवडून पेट्यांत भरतात तिथे, आणायला लावली. तिथे तो तिच्याच घडाचे मणी मोजतो आहे आणि तिची नजर त्याच्या चेहऱ्यावर न जाता मोजपट्टीवरच्या 18 मिलिमीटरच्या खुणेवर खिळली आहे. तो प्रसंग लिहिताना मला पहिल्यांदा आपल्या पात्रांचा श्वास ऐकू आला. मी काढणी नोव्हेंबरात दाखवली होती, तीही चूक त्यांनीच पकडली. निफाडकडे ऑक्टोबर छाटणीचा माल साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो. ते चार-पाच महिने दोघांच्या दुराव्याला आपोआप मिळाले.

पुढचा अनुभव मात्र उलटा आहे. युनिकोडमधला मजकूर जुन्या फाँटमध्ये नेताना ‘वाऱ्यावर’ सर्वत्र ‘वार्यावर’ झाले. ते दुसऱ्या मुद्रितात, म्हणजे छपाईआधीच्या तपासणीच्या प्रतीत, सुधारले गेले, पण त्याच वेळी मुद्रितशोधकाने संवादांतली सगळी अनुस्वारयुक्त रूपे एकारान्त करून टाकली. नायिका म्हणते, ‘‘मला तुझ्याशी बोलायचं नव्हतं, तुला बघायचं होतं.’’ हाती आलेल्या मुद्रितात ती ‘‘बोलायचे नव्हते, बघायचे होते’’ असे म्हणत होती. पात्राच्या तोंडी अनुस्वार देऊन अशी रूपे छापण्यास साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखन नियमांनीच मुभा दिली आहे. निवेदनात एकारान्त रूपे शोभतात, पण प्रेमकथा संवादावर जगते आणि तिथे ती आली की जीव गुंतलेली मुलगी कचेरीतले पत्र वाचून दाखवल्यासारखी बोलू लागते. दोन दिवस तिथे बसून मी दुरुस्त्या करून घेतल्या, तरी छापील पुस्तकात अकरा जागा राहिल्याच.

डेमी आकाराची 208 पाने, म्हणजे सोळा पानांचा एक असे तेरा फॉर्म. कागद चांगला आहे, पण बांधणी नुसत्या डिंकाची असल्याने पुस्तक सपाट उघडले की मधली पाने सुटतात. 1840 पासून सार्वजनिक वाचनालय चालवणाऱ्या या शहरात कादंबरी अनेकांच्या हाती फिरते. तिला शिलाईच हवी.

करारनाम्यात ‘सर्व हक्क कायमचे’ असे वाक्य होते. कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 नुसार मुदत लिहिलेलीच नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांचे धरले जाते. इथे ‘कायमचे’ हा शब्द स्पष्ट लिहिला असल्याने ते संरक्षण मिळाले नसते. हरकत घेताच त्यांनी फक्त छापील आवृत्तीचे हक्क, तेही तीन वर्षांसाठी, असा बदल करून दिला. आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकासाठी, लावलेले दोन हजार रुपयेही, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून तो क्रमांक विनामूल्य मिळतो हे दाखवल्यावर, बिलातून वगळले. तक्रार ऐकून घेतात, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे, परंतु ज्याला हे ठाऊक नाही त्याने दोन्ही निमूटपणे सोसले असते.

दुसऱ्या कादंबरीची पहिली चार प्रकरणे मी त्याच संपादिकेकडे दिली आहेत. छपाईसाठी दुसरीकडे विचारणा चालू असून शिलाईचा नमुना आणि संवादाच्या एका पानाचे मुद्रित पाहिल्याशिवाय आगाऊ रक्कम देणार नाही.