मुंबई ते न्यूयॉर्क थेट विमान : वयस्कर माणूस सोबत असेल तर हेच घ्या

आई ७२ वर्षांची, गुडघे दुखतात, ताई न्यू जर्सीत. मागच्या वेळी युरोपात थांबा घेऊन गेलो होतो, कारण एजंट म्हणाला अहो अंतर तेवढंच पडतं आणि तिकीट स्वस्त. तिथे व्हीलचेअर यायलाच पाऊण तास लागला, तोवर आई भिंतीला टेकून उभी, मग परत सिक्युरिटी, परत बांगड्यांवरून तपासणी, आणि पुण्यातल्या घरातून निघून ताईच्या दारात पोचेपर्यंत तीस तासांच्या वर गेले. तेव्हाच ठरवलं, पुढच्या वेळी चार पैसे जास्त गेले तरी चालतील पण थेटच.

अंतराचं एजंट खोटं बोलला नव्हता हं. मुंबई-न्यूयॉर्क सरळ रेषेत साधारण १२,५०० किमी. समजा दुबईवरून गेलात तर मुंबई-दुबई १,९०० आणि पुढे ११,००० च्या आसपास, म्हणजे जास्तीचे चार-पाचशे किमी, विमानाला त्याला अर्धा तास पुरतो. पण उतरणं, थांबणं, परत चढणं यातच सगळा वेळ जातो आणि माणूस दमतो तेही तिथेच, हे तिकीट काढताना कोणी सांगत नाही.

या वेळी जानेवारीत रात्री दोनला निघालो, सोळा तास हवेत. आई समोरच्या स्क्रीनवर नकाशा बघत बसलेली, म्हणाली अरे अमेरिका तिकडे डावीकडे आणि आपण वर कुठे चाललोय? ताईकडे गेल्यावर भाच्याच्या पृथ्वीगोलावर तिला लोकरीचा धागा ताणून दाखवला, मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत ताठ धरला की तो रशिया, नॉर्वे, ग्रीनलंडचं टोक असा वरूनच जातो, तेच सगळ्यात जवळचं. आमचं विमान अगदी तसं गेलं नाही, एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश आपल्या विमानांना बंद झालंय, त्यामुळे अरबी समुद्रावरून, मग तुर्कस्तान, युरोप असं गेलं. आईने तो धागा दोनदा स्वतः लावून बघितला.

उतरलो तेव्हा तिथे सकाळचे साडेसात आणि तारीख तीच, थंडीत साडेदहा तासांचा फरक असतो (उन्हाळ्यात साडेनऊ). व्हीलचेअर दारातच उभी होती, ढकलणाऱ्या मुलीने आईची पर्स मांडीवर नीट ठेवून दिली, इमिग्रेशनलाही वेगळी रांग मिळाली. बाहेर येऊन गाडीत बसलो तर आईच्या हातातल्या घड्याळात संध्याकाळचे साडेसात, तिने ते बदललंच नव्हतं. दिवेलागण झाली म्हणाली आणि त्या लख्ख उन्हात डोळे मिटून शुभंकरोति म्हटलं.

येताना साडेचौदा तासच लागतात कारण वरचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आणि तो पाठीशी येतो. पण कॅलेंडरमधला एक दिवस जातो, दुसऱ्या दिवशी लगेच ऑफिस ठेवू नका.

सोळा तास बसणं सोपं नाहीये, आईचे पाय थोडे सुजलेच. दर दोन तासांनी तिला उठवून मागच्या पॅन्ट्रीपर्यंत फिरवून आणायचो, पायात घट्ट मोजे घातले होते, डॉक्टरांना आधी विचारून. सीट मधल्या वाटेच्या कडेची आणि टॉयलेटजवळची घ्या, व्हीलचेअर तिकीट काढतानाच लिहून घ्या, काउंटरवर जाऊन मागत बसू नका. परतीचंही थेटच काढलं होतं, आणि आई आत्तापासून पुढच्या दिवाळीचे दर बघ म्हणून मागे लागलीये.