ड्रोनच्या चित्रातला जेलो: रबरी डॅम्पर घ्यावेत की एनडी फिल्टर?

दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या मावसभावानं स्वतः जोडलेला ड्रोन परवा वाघोडिया रोडवरच्या शेतात उडवला. घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला, तर बांधावरचे विजेचे खांब नागमोडी. चित्रातल्या अशा लाटांनाच जेलो म्हणतात. आता विचारतोय, कॅमेऱ्याकडे जाणारे हादरे शोषणारे रबरी डॅम्पर घेऊ की लेन्सवर लावायची काळसर काच, म्हणजे एनडी फिल्टर?

आधी ठरवा, फोटो काढायचेत की व्हिडिओ. ड्रोनच्या बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर चित्र एकदम टिपत नाही, ओळीओळीनं वाचतो. पंखा मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल आणि जरा असमतोल असेल, तर सेकंदाला १०० हादरे बसतात. वाचन चालू असतानाच कॅमेरा हलतो आणि सरळ रेघ वाकडी उमटते. शटरचा वेग वाढवून हे जात नाही. ओळ रेखीव येते, पण सरकलेली ती सरकलेलीच.

एनडी फिल्टर प्रकाश कमी करतो, म्हणून शटर सावकाश करता येतं. बडोद्याच्या भर दुपारी १/८०० सेकंदावर असलेलं शटर एनडी१६, म्हणजे सोळावा हिस्सा प्रकाश आत सोडणारा फिल्टर, लावला की १/५० वर येतं. तेवढ्यात दोन हादरे होऊन जातात आणि लाट पुसट होते. सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओला छानच. फोटोला मात्र नको, खांब सरळ दिसतील पण धूसर.

डॅम्पर दोन्हींना उपयोगी, फक्त कॅमेऱ्याच्या वजनाला जुळले पाहिजेत. कडक रबर हादरा तसाच पुढे ढकलतं, फार मऊ असलं तर कॅमेरा झोके खातो. माझ्या जुन्या ड्रोनवर चांगले डॅम्पर लावूनही लाटा येत होत्या. कॅमेऱ्याची वायर मी ड्रोनच्या सांगाड्याला ताणून बांधली होती, हादरे तिच्यातूनच पोचत होते. वायर सैल सोडली आणि फरक लगेच दिसला.

गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारा मोटरचा स्टँड, आहे म्हणून निश्चिंत राहू नका. तो डुलणं सावरतो, इतकी बारीक थरथर त्याच्या आवाक्यातली नाही.

पण खरेदीच्या आधी पंखे तपासा. बॅलन्सरवर, म्हणजे पंखा मोकळा फिरेल अशा स्टँडवर, पंखा आडवा ठेवून सोडला की जड पातं खाली जातं. हलक्या पात्याला सेलोटेपचा छोटा तुकडा लावा, आडवा सोडलेला पंखा आडवाच राहीपर्यंत. कड उडालेला पंखा मात्र बदलाच. भावाच्या एका पंख्याच्या टोकाचा नखाएवढा कपचा उडालेला निघाला.

तो शेताचे फोटोच काढतो. म्हणून त्याला नवे पंखे आणि डॅम्पर घ्यायला सांगितलंय, फिल्टर नाही.