आठ महिने पैसे भरून ऐकलं: गाणी सापडतात, पण आमची जनाबाई ‘ट्रॅडिशनल’ निघाली

अ‍ॅपचं नाव लिहीत नाही. तक्रार अजून चालू आहे, आणि उद्या त्यांनी ऐकलं तर शब्द मागं घ्यायची मला लाज वाटणार नाही. फीचर सगळ्यांना माहीत आहेत: जाहिराती नाहीत, डाउनलोड होतं, आवाजाची क्वालिटी निवडता येते. ते परत सांगून तुमचा वेळ घेत नाही.

माझी गंगाखेडला पिठाची गिरणी आहे. दोन चक्क्या, एक ज्वारी-बाजरीची, एक गव्हाची. चक्की चालू असताना गाण्यातलं काही ऐकू येत नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पहिला प्रश्न तोच येणार. गाणं ऐकायचं ते पट्टा उतरवल्यावर, दगडाला टाकी लावताना, आणि लाइट गेल्यावर. लाइट आमच्याकडं जातेच. म्हणजे ऐकायला वेळ भरपूर.

वर्षाची वर्गणी ७९९ रुपये. दळण किलोला ६ रुपये, म्हणजे १३३ किलो ज्वारी दळली तेव्हा एका वर्षाचं गाणं आलं, वरचा एक रुपया खिशातून. आधी फुकटात जाहिराती ऐकत माझं बरं चाललं होतं. भाची म्हणली, “मामा, दिवसभर लोकांचं पीठ अंगावर घेता, स्वतःसाठी आठशे रुपये घालवा की!” फेब्रुवारीत भरले.

लिहायचं खरं तर जुलैतच ठरवलं होतं. आमच्या भागातली डीपी जळाली. तीन दिवस लाइट नाही. दुसऱ्या दिवशी टॉवरची बॅटरी बसली आणि नेटही गेलं. म्हणलं हरकत नाही, डाउनलोड केलेली ४१२ गाणी आहेत, पॉवर बँक भरलेली आहे. अ‍ॅप उघडलं तर समोर पाटी: ऑनलाइन येऊन खात्री करा. तीस दिवसांतून एकदा ते वर्गणी चालू आहे का बघतं, आणि माझा तिसावा दिवस नेमका त्याच दिवशी भरला. चार बायका डबे ठेवून बसलेल्या, आत्ता येईल लाइट, मग येईल लाइट करत. त्यातल्या एक मावशी म्हणल्या, “पैसे भरूनबी कुलूप लावतेत व्हय?” तिथंच मी मनात दोन स्टार देऊन टाकले.

महिनाभरानं राग उतरला. गाणी त्यांच्या मालकीची नाहीत, तीही भाड्यानंच आणलेली. वर्गणी संपल्यावर ती फोनमध्ये राहू नयेत म्हणून हे कुलूप. पटलं नाही, पण कळलं. आता दर एकादशीला नेट चालू करून अ‍ॅप एकदा उघडतो. उपवास विसरत नाही तसं हेही विसरत नाही.

अजून एक, क्वालिटी ‘ऑटो’वर ठेवू नका. ३२० केबीपीएसच्या सेटिंगला तासाला १४४ एमबी जातात, ९६ ला ४३. दिवसाच्या दीड जीबीत घरातल्या पोराचा अभ्यासही बसवायचा असतो. शिवाय स्पीकरच्या जाळीत पीठ बसलेलं असताना ३२० आणि ९६ मधला फरक मला तरी कळत नाही. दर रविवारी जुन्या टूथब्रशनं जाळी झाडतो. या विषयावर एवढंच.

आता ज्याच्यासाठी दोनाचे चार स्टार करायला निघालो होतो ते सांगतो. हे अ‍ॅप गाणी शोधून देतं, हे मान्य करावंच लागेल. मी टेपच्या काळापासून प्रल्हाद शिंदे ऐकत आलेला माणूस. एका दुपारी त्यांची यादी संपली आणि अ‍ॅपनं आपल्या मनानं पुढं कडूबाई खरात लावल्या. एकतारी आणि गळा, बाकी जवळजवळ काही नाही. बाबासाहेबांवरचं गाणं, आणि आवाज असा की शेताच्या त्या बांधावरून या बांधाला हाक मारावी. मी हातातली टाकी खाली ठेवली. संभाजीनगरची बाई, आमच्यापासून चार-पाच तासांवर, आणि मला तिची ओळख करून दिली कुठल्या तरी लांबच्या कॉम्प्युटरनं.

कडूबाईंवरून वामनदादा कर्डक, वामनदादांवरून विठ्ठल उमप, आणि तिथून कसं कोण जाणे, किशोरी आमोणकरांनी गायलेला सोयराबाईचा ‘अवघा रंग’. शास्त्रीय गळ्याचं आपल्याला झेपत नाही, असं मी पन्नाशीपर्यंत समजत होतो. तो अभंग संपला तेव्हा लाइट येऊन पाच मिनिटं झाली होती. गिऱ्हाईक समोर उभं, आणि मला बटण दाबावं वाटेना. असं माझ्या गिरणीत आधी कधी झालेलं नाही. त्या दोन महिन्यांत यादीत साठेक नवी गाणी आली. भाचीला पाठवायचो, ती तिकडून दुसरी पाठवायची. चार स्टार पक्के होते.

आणि तिथंच माशी शिंकली.

हा अभंग कुणाचा ते भाचीला लिहून पाठवावं म्हणून तीन ठिपके दाबले, क्रेडिट उघडले. गायिका: किशोरी आमोणकर. गीत: ट्रॅडिशनल. शेवटच्या ओळीत सोयराबाई ‘चोख्याची महारी’ म्हणून स्वतःची ओळख सांगते, सही करते, आणि यांच्याकडं ट्रॅडिशनल! मग माझ्या डोक्यात किडा शिरला. जनाबाईचे अभंग काढले. माझ्या यादीत अकरा होते, वेगवेगळ्या गायिकांचे. नऊ ठिकाणी ट्रॅडिशनल, एका ठिकाणी लोकगीत, एका ठिकाणी जागा कोरी.

मी गंगाखेडचा आहे हो. जनाबाई आमची. गोदेच्या काठी तिचं देऊळ आहे. लहानपणी इथून पंढरपूरला दामाशेटींच्या घरी गेली, नामदेवांच्या त्या घरात जन्मभर दळण-कांडण केलं, आणि तीनशेवर अभंग तिच्या नावावर आहेत. पंढरपूरजवळ गोपाळपूरला तिचं जातं दाखवतात, विठ्ठल दळू लागायचा ते. वारीला गेलो की मी त्या दगडावरून एकदा बोट फिरवून बघतो. भक्ती थोडी, धंद्याची सवय जास्त.

आणि नाव शोधायला इथं पंडित लागत नाही. वारकरी संतांनी सोयच करून ठेवली आहे, शेवटच्या कडव्यात नाममुद्रा. तुका म्हणे, नामा म्हणे, एका जनार्दनी, चोखा म्हणे, नामयाची जनी. सातशे वर्षांपूर्वी छापखाना नव्हता. दळणाऱ्या बाईचं नाव वहीत कोण मांडून ठेवणार? म्हणून तिनं ते गाण्यातच शिवून टाकलं, कापडाला काठ असतो तसं. उसवायचं तर गाणंच फाडावं लागेल. क्रेडिट भरणाऱ्यानं गाणं शेवटपर्यंत ऐकलं असतं तरी काम भागलं असतं.

म्हणलं संतांचं जुनं आहे, चुकत असेल. म्हणून अलीकडचं तपासलं. ‘जैत रे जैत’, १९७७. संगीत हृदयनाथ मंगेशकर, बरोबर. गायिका बरोबर. गीतकाराची जागा रिकामी. ना. धों. महानोर! अजिंठ्याकडच्या पळसखेडचा शेतकरी कवी, मराठवाड्याचा माणूस, २०२३ च्या ऑगस्टमध्ये गेले. २०१२ साली कॉपीराइटचा कायदा बदलून गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा पक्का केला होता. तो वाटा कुणाच्या घरी न्यायचा ते कळायला आधी नाव तरी लिहिलेलं पाहिजे ना? रेडिओवर ‘गीत अमुक, संगीत तमुक’ ऐकत आमची पिढी वाढली.

तक्रार केली. मदतीच्या पानावर तीन पर्याय: पैसे, खातं, गाणं वाजत नाही. गाणं वाजतंय पण नाव चुकलंय, असा पर्यायच नाही. शेवटी ‘गाणं वाजत नाही’ दाबून मराठीत सविस्तर लिहिलं. उत्तर हिंदीत आलं: अ‍ॅप काढून परत टाका. टाकलं. ४१२ गाणी पुन्हा उतरवण्यात एका दिवसाचा सगळा दीड जीबी गेला, पोरानं दिवसभर तोंड पाडलं, आणि जनाबाई ट्रॅडिशनल ती ट्रॅडिशनलच. दुसऱ्यांदा लिहिलं, यावेळी सोप्या भाषेत. उत्तर: ‘तुमच्या आवडत्या कलाकार जनाबाई लवकरच आमच्या यादीत येतील अशी आशा आहे.’ हे मी गिरणीत मोठ्यानं वाचून दाखवलं. बायका डब्यावर डोकं टेकवून हसल्या.

तिसऱ्यांदा माणूस मिळाला, आणि बरा मिळाला. त्यानं सांगितलं की माहिती आम्ही भरत नाही. गाण्याची कंपनी गाण्यासोबत तक्ता पाठवते, तो जसाच्या तसा दिसतो.

इथं मला थोडं मत बदलावं लागतंय. मी सगळं खापर अ‍ॅपवर फोडत होतो. निम्मं तरी त्या तक्त्यावर जायला पाहिजे. कवी गेल्यावर ६० वर्षांनी आपल्या देशात त्याचे शब्द सगळ्यांचे होतात, म्हणजे जनाबाईला कुणी एक पैसा देणं लागत नाही. जिथं द्यायचं काही नाही तिथं नाव कोण शोधत बसतंय? टाका ट्रॅडिशनल. हे समजलं. पण निम्मं अजून अ‍ॅपकडंच राहतं. माझ्याकडं आलेल्या गव्हात खडे निघाले तर ‘आडतीवरूनच आलेत’ म्हणून मी तसेच दळून देत नाही. दिलं तर दुसऱ्या दिवशी भाकरी-पोळीसकट बाई दारात उभी राहील.

मधल्या काळात भाचीनंच दुसरं काहीतरी दाखवलं, तेही फुकट. ‘पारी’ म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, त्यांच्याकडं जात्यावरच्या ओव्या आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर गावोगाव जाऊन जमवलेल्या, एक लाखाहून जास्त. आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही त्यात आहेत. आणि खाली बघावं तर गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, तालुका, जिल्हा. ज्या बाईचं नाव तिच्या गल्लीबाहेर कुणाला माहीत नसेल, तिचंही. वर्गणी शून्य रुपये.

एका दुपारी लाइट गेल्यावर त्या ओव्या लावल्या. एक आज्जी मांडीवर डबा घेऊन भिंतीला टेकून बसलेल्या. दोन ओव्या गप ऐकल्या. तिसरीला म्हणल्या, “ही आमच्याकडं येगळी हाय,” आणि म्हणूनच दाखवली. आवाज बारीक, पण जागच्या जागी. म्हणताना त्यांचा उजवा हात डब्याच्या झाकणावर गोल फिरत होता, खुंटा धरल्यासारखी मूठ, आणि झाकणावरच्या पिठात वर्तुळ उमटत चाललेलं. चौथी म्हणली, पाचवी म्हणली. मी विचारलं, “आज्जी, फोनवर घेऊ का? तुमचं नाव-गाव घालून ठिवतो.” म्हणल्या, “आदी दळण दे, सून वाट बघायलीय.” लाइट आली होती, माझं लक्षच नव्हतं.

लेख इथंच थांबवणार होतो, तोवर परवा अ‍ॅपवर निरोप आला: तुमच्या सूचनेवर कार्यवाही झाली आहे. घाईनं उघडलं. अकरापैकी एका अभंगातलं ‘ट्रॅडिशनल’ खरंच गेलंय. आणि ‘जनाबाई’ हे नाव आलंय, फक्त ते घातलंय गायिकांच्या ओळीत. नावावर बोट ठेवलं तर तिचं वेगळं पान उघडलं. कलाकार: जनाबाई. फोटोच्या जागी राखाडी गोल. गाणी एक. फॉलोअर शून्य. खाली बारीक अक्षरात, फॉलो करा, नवं गाणं आलं की कळवू.

तर तीन स्टार. ऑटोपे बंद करून ठेवलंय. फेब्रुवारीत वर्ष भरेल तेव्हा बघू, तोवर उरलेल्या दहा अभंगांसाठी चौथी तक्रार टाकली आहे. पानाला फॉलो मात्र केलं. काल रात्री गिरणी बंद करताना बघितलं तर फॉलोअर दोन झालेत. भाचीला फोन केला, ती म्हणते मी नाही.