घडीच्या जुन्या चाकूचे वय : कोणत्या ठशावर किती विसंबावे

जुना घडीचा चाकू घेण्यापूर्वी त्याचे वय ठरवायचे असेल, तर पाते पूर्ण उघडून बिजागरीलगतच्या सपाट भागावरील ठसा भिंगाखाली वाचावा. मात्र सगळे ठसे सारखेच विश्वासार्ह नसतात.

सर्वांत नेमका पुरावा चांदीच्या पात्याच्या, फळे कापण्याच्या इंग्लिश चाकूंवर मिळतो, कारण तेथे धातू तपासणाऱ्या कार्यालयाने वर्षाचे अक्षर उमटवलेले असते. इंग्लंडमधील शेफील्ड शहराच्या अशा चाकूवर मुकुट, चालता सिंह आणि अक्षर दिसते. ठराविक वर्षांनी तेच अक्षर पुन्हा येत असल्याने अक्षराचे वळण आणि भोवतालच्या चौकटीचा आकारही जुळवावा लागतो. शेजारी राजा किंवा राणीचे मस्तक असेल, तर तो बहुधा करभरणीचा ठसा असतो; 1890 मध्ये तो बंद झाला.

अमेरिकेच्या केस कंपनीची ठिपक्यांची पद्धत जवळजवळ तितकीच उपयुक्त आहे. 1970 मध्ये नावाखाली दहा ठिपके होते आणि दरवर्षी एक कमी होत गेला. 1980 पासून हाच क्रम पुन्हा सुरू झाला, त्यामुळे सात ठिपके 1973 चे असू शकतात, तसेच 1983 चेही. दुसऱ्या दशकात कंपनीच्या नावातील ‘एस’ हे अक्षर विजेच्या रेषेसारखा कोनदार असल्याने निर्णय तेथे होतो. अडचण एवढीच, की जोरकस पॉलिशने एखादा ठिपका झिजून जातो, म्हणून आरशासारख्या चकचकीत पात्यापेक्षा डागाळलेले पाते मी अधिक विश्वासाने घेईन.

‘जर्मनी’ किंवा ‘इंग्लंड’ हा उल्लेख याहून बराच दुबळा आहे. अमेरिकेच्या 1890 च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले, त्यामुळे ते असल्यास चाकू बहुधा त्यानंतरचा, एवढेच म्हणता येते. नसल्यास काहीच सिद्ध होत नाही, कारण बनवणाऱ्या देशातच विकल्या जाणाऱ्या मालाला ती सक्ती लागू नव्हती. ‘व्ही आर’ ही व्हिक्टोरिया राणीची अक्षरे (1837 ते 1901) प्रभावी दिसतात खरी, पण त्यांतून मिळतो तो चौसष्ट वर्षांचा पट्टा.

ठसा पुसट असेल, तर घडणीकडे वळावे. शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्लीने स्टेनलेस पोलाद 1913 मध्ये तयार केले, तेव्हा पात्यावर ‘स्टेनलेस’ लिहिलेला चाकू व्हिक्टोरियाकालीन म्हणून कोणी विकत असेल, तर एक तर पाते बदललेले आहे किंवा दावा चुकीचा आहे. ओपिनेल या फ्रेंच कंपनीच्या चाकूवर पाते अडकवणारी फिरती कडी 1955 मध्ये आली. ती मूळची असेल, तर त्याआधीचे साल सांगणाऱ्याला जादा पैसे देऊ नयेत.