काहूट की प्लिकर्स : पाचवीच्या वर्गातला अनुभव

अपूर्णांकांच्या उजळणीसाठी यंदा मी पाचवीच्या वर्गात काहूट आणि प्लिकर्स हे दोन प्रश्नमंजूषेचे खेळ वापरून पाहिले. मुले किती रमली यावरून खेळ चांगला ठरवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला मात्र चुकलेल्या उत्तराचे त्या खेळात पुढे काय होते, हे आधी पाहावेसे वाटते.

२०१३ मध्ये नॉर्वेतून सर्वांसाठी खुले झालेले काहूट दिसायला देखणे आहे. लाल त्रिकोण, शंकरपाळ्याच्या आकाराचा निळा चौकोन अशा खुणांवर बोट ठेवायचे असल्याने वाचनात मागे असलेले मूलही बिचकत नाही. मात्र त्यासाठी प्रत्येक मुलाकडे, निदान प्रत्येक गटाकडे, मोबाइल किंवा टॅबलेट असावा लागतो आणि नेहमीच्या पद्धतीने खेळल्यास बरोबर उत्तर जितके लवकर दिले जाते तितके गुण जास्त मिळतात. पाढ्यांच्या सरावाला हे उत्तम आहे. पण १/३ मोठा की १/४ हे ठरवण्यासाठी मनातल्या मनात भाकरीचे तुकडे करून पाहणाऱ्या मुलाला सवड हवी असते.

प्लिकर्समध्ये मोबाइल फक्त शिक्षकाकडे असतो. मुलांच्या हाती एक छापील कार्ड असते, त्यावर काळी चौकटीदार खूण आणि चार बाजूंना ए, बी, सी, डी ही बारीक अक्षरे असतात. निवडलेले अक्षर वरच्या बाजूला येईल असे कार्ड धरायचे आणि शिक्षकाने वर्गावरून कॅमेरा फिरवायचा, एवढाच खेळ. प्रत्येकाची खूण वेगळी असल्यामुळे शेजाऱ्याचे पाहून उत्तर देणे अवघड जाते.

१/३ आणि १/४ च्या प्रश्नाला अर्ध्याहून अधिक वर्गाने १/४ मोठा ठरवला. चार हा आकडा तीनपेक्षा मोठा, एवढाच त्यामागचा विचार होता. एरवी कधीही हात वर न करणाऱ्या एका मुलीचे कार्ड मात्र बरोबर होते. विचारल्यावर ती हळूच म्हणाली, “बाई, भाकरी चौघांत वाटली तर वाट्याला कमीच येणार ना.” त्या दिवशीचा पुढचा तास मी तिच्या या वाक्यावरच घेतला.

कार्डे साध्या जाड कागदावर छापावीत. मी केलेल्या चकचकीत लॅमिनेशनवर खिडकीचा उजेड पडला की कॅमेऱ्याला खूण दिसेना. मोबाइलला इंटरनेटही लागते. माझी पसंती तरीही प्लिकर्सलाच आहे, मात्र प्रश्नांचे पर्याय विचारपूर्वक तयार करावे लागतात. १/२ + १/३ या बेरजेला २/५ हा पर्याय मी मुद्दाम ठेवते, कारण अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणारी मुले तिथे नेमकी सापडतात.