मुरगावला जहाज लागल्यावर: जुने गोवे, बोगमाळो की कवळ्याची ओटी?

मुंबई-गोवा क्रूझचं बुकिंग झालं की नातेवाइकांचा पहिला फोन ठरलेला असतो: "गोव्यात एक दिवस मिळतोय, काय काय बघून होईल?" आम्ही रत्नागिरीचे. या जहाजाने दोनदा जाऊन आलो, आणि आमच्या नात्यातली आणखी दोन-तीन घरं जाऊन आली, म्हणून हा प्रश्न आता माझ्याकडे येतो. प्रत्येकाला मी आधी घड्याळाचा हिशेब सांगते, कारण तो कळला की निम्मा निर्णय आपोआप होतो.

आमच्या दुसऱ्या खेपेचाच हिशेब घ्या. जहाज सकाळी साडेनऊला धक्क्याला लागलं. सुटायची वेळ संध्याकाळी सहा, पण सगळ्यांनी साडेचारच्या आत चढायचं होतं. ऐकायला सात तास. मग उतरायची रांग लागली, ओळखपत्र आणि केबिनचं कार्ड तपासून झालं, आणि बसने बंदराच्या फाटकापर्यंत जायचं राहिलं. मुरगाव हे कोळसा आणि लोहखनिजाचं मोठं बंदर आहे, आत पायी फिरू देत नाहीत. डेकवरून पहिल्यांदा दिसतात ते काळे ढीग आणि क्रेन. माझ्या मुलाने विचारलं होतं, "आई, हाच का गोवा?" फाटकाबाहेर टॅक्सीत बसेपर्यंत पावणेअकरा झाले. परत फाटकावर चारला हजर राहायचं. म्हणजे हातात राहिले सव्वापाच तास, आणि त्यातच येणं-जाणं आणि जेवण.

एवढ्या वेळात एकच दिशा होते. जुने गोवेही आणि समुद्रकिनाराही, असा बेत करणारे दिवसभर गाडीतच बसतात. त्यामुळे खाली जे तीन पर्याय लिहिते, त्यातला एकच उचलायचा आहे.

जुने गोवे आणि पणजी

पहिल्या खेपेला आम्ही चौघं जहाजाच्या पॅकेज बसने गेलो. वास्कोहून कुठ्ठाळी, मग जुवारी नदीवरचा नवा पूल, आणि पुढे पणजीकडे. जुन्या पुलावर कुठ्ठाळीला किती वेळ अडकायला व्हायचं ते गोव्याला गाडीने गेलेल्या प्रत्येकाला आठवत असेल. नव्या पुलाची एक बाजू 2022 च्या डिसेंबरात सुरू झाली, दुसरी पुढच्या वर्षी. त्यामुळे मुरगावला उतरून जुने गोवे गाठणं आता खरंच आवाक्यात आलंय, तासाभरात पोहोचतो.

बॉम जीझस बासिलिका 1605 ची. सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव तिथे चांदीच्या पेटीत आहे, आणि दर दहा वर्षांनी ते लोकांच्या दर्शनासाठी खाली आणतात. समोर रस्त्यापलीकडे से कॅथेड्रल. त्याला आज एकच मनोरा दिसतो, दुसरा 1776 मध्ये कोसळला. हे सगळं गाईड सांगत होता, पण माझ्या मुलीने बासिलिकेच्या भिंतीला हात लावून मला हाक मारली. "आई, हा आपला चिरा आहे." खरंच जांभा होता, आमच्या घराच्या पडवीला आहे तसाच, भोकाभोकांचा, उन्हाने तापलेला. एकेकाळी या भिंतींवर गिलावा होता, तो विसाव्या शतकात काढून टाकला, म्हणून आता चिरा उघडा दिसतो. ज्या दगडात आपण वाढलो त्याच दगडात इतकं उंच काही उभं राहिलेलं बघून मुलगी भारावली होती. कोकणातल्या मुलांना हे दाखवायला आवर्जून न्यावं, असं मला मनापासून वाटतं.

आता अडचणीची बाजू. या दोन वास्तूंमधलं आवार मोठं आहे आणि दुपारी बारा वाजता तिथे सावली कमी. मुलगा तेव्हा सहा वर्षांचा, अर्ध्या तासात त्याने कडेवर घ्यायचा हट्ट धरला. रविवारी सकाळी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, असते, तेव्हा पर्यटकांना आत जायला थांबावं लागतं. आणि बसचा त्रास म्हणजे बस सगळ्यांची असते. एक कुटुंब खरेदीत रमलं आणि आम्ही चाळीस जण चाळीस मिनिटं त्यांची वाट बघत बसलो. त्या चाळीस मिनिटांपायी पणजीतलं फोंताइनास, ही जुन्या पोर्तुगीज धाटणीच्या घरांची वस्ती, खिडकीतूनच बघायला मिळालं. पुन्हा गेले तर पणजी सोडूनच देईन आणि टेकडीवरचा सेंट ऑगस्टीनचा पडका बुरूज बघेन. 46 मीटर उंचीचा तो एकटा उभा जांभा बहुतेक बसवाले लांबूनच दाखवतात.

दहा वर्षांवरची मुलं, चालायला धडधाकट मोठी माणसं, आणि गोवा पहिल्यांदाच बघणारे, यांच्यासाठी हा पर्याय सगळ्यात भरीव आहे.

बोगमाळो आणि विमानांचं संग्रहालय

दुसऱ्या खेपेला आम्ही दोन गाड्या केल्या. नवरा आणि मुलगा एका गाडीत, मी, मुलगी आणि सासूबाई दुसरीत. त्यामुळे एकाच दिवसाचे दोन पर्याय घरातच ताडून बघता आले.

बाप-लेक बोगमाळोला गेले. बंदरापासून वीस-पंचवीस मिनिटं, दाबोळी विमानतळाच्या अंगाने रस्ता. वाटेवर नौदलाचं विमान संग्रहालय आहे, 1998 पासूनचं. उघड्या पटांगणात सी हॅरिअर, अलिझे आणि भलंथोरलं सुपर कॉन्स्टेलेशन उभं आहे, आणि आतल्या दालनांत नौदलाच्या वैमानिकांची माहिती. सोमवारी बंद असतं, तेवढं जहाजाच्या तारखेशी जुळवून घ्या. मुलगा तिथे दीड तास रमला. मग किनारा, पाण्यात खेळणं, शॅकमध्ये तळलेले बांगडे आणि भात, आणि तीन वाजता दोघं जहाजावर परत. टॅक्सीला खर्च सगळ्यात कमी झाला, आणि उशीर होईल ही धाकधूक अजिबात नव्हती.

बोगमाळोचा किनारा छोटा आहे. कोळवा, माजोर्डा मोठे आणि मोकळे, पण तिथे जायला पाऊण ते एक तास. रत्नागिरी-मालवणकडच्या माणसाला मी सरळ सांगेन, फक्त वाळूसाठी तेवढा प्रवास करू नका. भाट्ये, गणेशगुळे, तारकर्ली आपल्या दारात आहेत. देशावरून आलेल्या, समुद्र वर्षा-दोन वर्षांतून एकदा बघणाऱ्या घरासाठी गोष्ट वेगळी, त्यांनी खुशाल माजोर्ड्याला जावं. मात्र कुठल्याही किनाऱ्यावर लाल झेंडा असेल तर पाण्यात पाऊल घालू नये. जीवरक्षक शिट्टी मारतो तेव्हा त्याला त्या पाण्याची ओढ माहीत असते.

सात-आठ वर्षांखालची मुलं असतील तर दुसरा विचारच नको, हाच पर्याय.

कवळ्याची ओटी

तिसरा पर्याय पॅकेजच्या यादीत आम्हाला दिसला नव्हता, आणि मी सगळ्यात आग्रहाने सुचवते तो हाच. कोकणातल्या कितीतरी घरांचं कुलदैवत गोव्यात आहे: मंगेशी, म्हाळसा, शांतादुर्गा, नागेशी. आमची कुलदेवता कवळ्याची शांतादुर्गा. सासूबाई शेवटच्या कवळ्याला गेल्या ते धाकट्या दिराच्या लग्नानंतर. गुडघ्यांमुळे आता बसचा आणि घाटातल्या गाडीचा प्रवास त्यांना झेपत नाही. जहाजाला मात्र लगेच हो म्हणाल्या. लहानपणी रत्नागिरीहून मुंबईला बोटीने जायच्या, पडावात बसून बोटीपर्यंत, आणि वर चढताच निम्म्या लोकांना बोट लागायची. या जहाजावर रात्रभर त्यांना काहीच झालं नाही. पहाटे उठून त्या रेलिंगला धरून किनाऱ्याकडे बघत बसल्या होत्या.

मुरगावहून कवळ्याला तास-सव्वा तास लागतो. वेर्ण्यावरून जुवारीवरचा बोरीचा पूल ओलांडून फोंड्याकडे रस्ता जातो. आणि या रस्त्याला एक अर्थ आहे, तो मुलांना गाडीतच सांगावा. शांतादुर्गेचं मूळ ठाणं केळशीला आणि मंगेशाचं कुठ्ठाळीला. ही दोन्ही गावं मुरगाव तालुक्यातलीच, म्हणजे जिथे आपलं जहाज लागलं तिथलीच. सोळाव्या शतकात पोर्तुगीज देवळं पाडायला लागले तेव्हा लोकांनी देव उचलले आणि जुवारी ओलांडून अंत्रुजात, म्हणजे आजच्या फोंड्याकडच्या भागात, आणले, कारण तिकडे पोर्तुगीजांचं राज्य नव्हतं. मंगेश 1560 मध्ये कुठ्ठाळीहून प्रियोळला, म्हणजे आजच्या मंगेशीला, गेला. जहाजावरून उतरून आपण जी नदी ओलांडतो तीच त्यांनी रात्री होडीतून ओलांडली असेल, असं सासूबाई पुलावर म्हणाल्या, आणि मुलीने मोबाइल खाली ठेवला.

देवळासमोर ओटीचं सगळं सामान मिळतं, घरून नारळ आणू नये. जहाजावर चढताना खाण्यापिण्याच्या वस्तू अडवू शकतात. खण, तांदूळ, नारळ, अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा. सासूबाईंनी वळेसर नाकाजवळ धरला, डोळे मिटले, आणि मग पदर सावरून पायऱ्या चढायला लागल्या. पायऱ्यांपाशी मुलीने हात दिला तर तो नको म्हणाल्या. ओटी भरून झाल्यावर सभामंडपात खांबाला टेकून बसल्या आणि वीस मिनिटं काही बोलल्या नाहीत. आमच्याकडे वेळ होता, म्हणून त्यांना उठवावं लागलं नाही. पॅकेजच्या बसमध्ये ही वीस मिनिटं मिळाली नसती.

जेवण फोंड्यात केलं. खतखते (मिश्र भाज्यांची आमटी), सोलकढी, भात, मुलीला सुरमईची तुकडी. निघालो ते मात्र उशिरा. वेर्ण्याजवळ ट्रकांची रांग लागली आणि फाटकावर पोहोचलो तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. तुम्ही कवळ्याहून किंवा मंगेशीहून पावणेतीनलाच निघा.

काही गोष्टी आधी बघून ठेवा. हाफ पँट आणि बिनबाह्यांच्या कपड्यांवर देवळात सोडत नाहीत, आणि क्रूझच्या बॅगेत मुलांचे नेमके तेच कपडे भरलेले असतात. एकेक पूर्ण कपड्यांचा जोड घ्या. शक्यतो दुपारच्या आरतीच्या आत पोहोचा. अभिषेक करायचा असेल तर देवस्थानाला आधी फोन करून वेळ घ्या. मंगेशी, म्हार्दोळ (म्हाळसेचं) आणि कवळे अशी तिन्ही देवळं एका दिवसात उरकायचा मोह होतो, कारण ती जवळजवळ आहेत. सोबत वयस्कर माणूस असेल तर आपल्या कुलदैवताचं एकच करा.

जहाजाची बस की स्वतःची टॅक्सी

पॅकेज बसची एकच बाजू खरी भक्कम आहे: तिला उशीर झाला तर जहाज थांबतं. तुमच्या टॅक्सीसाठी ते थांबत नाही. म्हणून लांबच्या ठिकाणी, म्हणजे जुने गोवे-पणजीला, बस घ्यायला हरकत नाही. बोगमाळोला बस घेणं म्हणजे पैसे आणि वेळ दोन्ही वाया. कवळ्याला टॅक्सीच लागते, आणि ती आदल्या आठवड्यात ठरवून ठेवा. गोव्यात ओला-उबर चालत नाहीत. गोवामाइल्सचं अ‍ॅप आहे, नाहीतर स्थानिक टॅक्सीवाला. थांबण्यासकट दिवसाचा भाव फोनवरच पक्का करा आणि गाडी फाटकाबाहेर कुठे उभी राहणार ते विचारून घ्या. पहिल्या खेपेला आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने फाटकाबाहेर उन्हात घासाघीस करत पाऊण तास घालवला.

आणि समजा जहाज चुकलंच, तर घाबरून जाऊ नका. प्रवास देशातलाच आहे. मडगावहून संध्याकाळी कोकणकन्या आहे. पण औषधं, पाकीट, चार्जर आणि सगळ्यांची मूळ ओळखपत्रं केबिनमध्ये ठेवून उतरू नका. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या मी दोन दिवसांच्या हिशेबाने पर्समध्ये ठेवल्या होत्या.

जहाजावरच राहायचं, हाही एक पर्याय काहीजण विचारतात. पोहण्याचा तलाव त्या दिवशी रिकामा असतो, एवढाच फायदा. तान्हं मूल किंवा अंगात ताप असेल तरच.

घरात तिन्ही पिढ्या असतील तर आमच्यासारखं दोन गाड्या करून बघा. खर्च थोडा वाढतो, पण लहान मुलाच्या पायांना आणि पंचाहत्तर वर्षांच्या गुडघ्यांना एकाच दिवसात एकाच ठिकाणी न्यायची ओढाताण वाचते. संध्याकाळी सहाला जहाज सुटलं तेव्हा आम्ही सगळे डेकवर होतो. मुलगा आजीला सी हॅरिअर जागच्या जागी सरळ वर कसं उडतं ते हाताने दाखवत होता, आणि आजी त्याच्या दुसऱ्या हातावर अंगाऱ्याची पुडी आणि खोबऱ्याचा तुकडा ठेवत होत्या.